टाकाऊ पलंग-कपाटांतून वाचनालयाचे बाक: करवत लावण्याआधीची तयारी

चतुर्थीच्या आधी गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावरून एक फेरी मारा. घरे साफ व्हायची असतात, रंग काढायचा असतो, माटोळीची, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवीची, जागा मोकळी करायची असते. मग मोडका पलंग, दार निखळलेले कपाट, वेत फाटलेली व्हॉल्टेर आरामखुर्ची असा सगळा ऐवज अंगणाच्या कडेला येऊन पडतो आणि चार पावसात कुजून जातो. गावच्या वाचनालयासाठी यातून काही करायचे मनात असेल तर सामान मिळवायचा हंगाम हाच. करवतीचा हंगाम मात्र पाऊस सरल्यावरचा. मधले दोन-तीन महिने तयारीचे, आणि वस्तू टिकणार की नाही हे बहुतेक त्यातच ठरते.

उदाहरणाला एकच वस्तू धरतो: फोंडा, डिचोली किंवा सत्तरीकडच्या एखाद्या गावातल्या मराठी वाचनालयासाठी बाक. पुढून बसायचे, पाठीला पुस्तकांचे खण.

सगळ्यात आधी खोली कोणाची ते बघा. देवस्थानाची असेल तर समितीचा होकार लेखी घ्या. महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानाच्या सभासदांपैकी, एकाने देवळाच्या पायरीवर ‘करा, करा’ म्हटले तेवढ्यावर विसंबू नका, समिती बदलली की शब्दही बदलतो. पंचायतीची खोली असेल तर पंचायतीला पत्र. त्या पत्रात एक ओळ आवर्जून घाला: बाक कोणाच्या नावावर राहील आणि दुरुस्ती कोण करील. असे धनी नसलेले बाक गावागावांत भिंतीला टेकून उभे असतात.

त्यानंतर खोलीत सकाळी आणि संध्याकाळी नुसते जाऊन बसा. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांना बैठक 45 सेंमीच्या खाली नको, आणि उठताना हात टेकायला काहीतरी हवेच. संध्याकाळी येणाऱ्या प्राथमिकच्या मुलांचे पाय त्याच बाकावर लोंबकळतात. त्यांना 30 ते 35 सेंमी पुरते. दोघांची सोय एका उंचीत बसवायच्या भानगडीत पडू नका. बाकाचा एक तुकडा उंच आणि एक बुटका केला तरी चालते, उलट छान दिसते. माणशी 50 सेंमी रुंदी धरा. उघडलेले वर्तमानपत्र सुमारे 70 सेंमी घेते, म्हणून शेजारी-शेजारी वाचणाऱ्यांची कोपरे लागणारच. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी टोकाची एक जागा सैल ठेवा. खिडकी कुठल्या बाजूला आहे, पंख्याखाली कोण बसते, छप्पर कुठे गळते, हे सगळे वहीत उतरवा. गळकी जागा ओळखायची तर पावसातच जायला हवे.

आता सामान. टाकलेले दिसले म्हणून उचलायचे नाही. गोव्यातल्या जुन्या घरात पलंग एकाचा नसतो. इथल्या दिवाणी कायद्याने तो सगळ्या वारसांचा असतो आणि त्यातला एक लिस्बनला, दुसरी मुंबईला. अंगणात पडलेला पलंग न्यायला कोणी हरकत घेणार नाही असे आपल्याला वाटते, पण तोच घासूनपुसून वाचनालयात दिसला की आजीची आठवण सगळ्यांना एकदम येते. तेव्हा घरच्यांना फोन करायला सांगा आणि दोन ओळींची चिठ्ठी घ्या. सरकारी शाळेची मोडकी बाके त्याहून नाजूक. ती कागदोपत्री निकालात निघाल्याशिवाय हलवू नयेत, मुख्याध्यापक कितीही ओळखीचे असोत.

काय घ्यायचे ते नखाने नाही, पटाशीने ठरते. न दिसणाऱ्या जागी, पायाच्या आतल्या बाजूला, रंगाखालचे लाकूड नाणेभर खरवडा. फणस पिवळा निघतो आणि उन्हाहवेने तपकिरी होत जातो. साग तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास असतो. शिसवी हातात घेतल्यावर वजनानेच कळते. माट, ज्याला घाटावर ऐन म्हणतात, तो टणक असतो. त्यात खिळा सरळ जात नाही. ही चारही घ्या. खरवडल्यावर भुसा आणि डिंक दिसला तर ते पार्टिकल बोर्ड. वर सनमायका कितीही चकचकीत असला तरी नमस्कार करून परत ठेवा. आपल्या दमट हवेत ते एकदा फुगले की स्क्रू धरत नाही. गाद्या, उशा, फोमच्या बैठकाही नकोत.

एक अपवाद डोळ्यांत तेल घालून शोधा. कुंकळ्ळीकडच्या चितारींनी लाखेचे रंग चढवलेला पाट, पाळणा, पलंगाचा पाय असले काही सामानात सापडले तर त्याला करवत लावायची नाही, पॉलिशपेपरही नाही. आहे तसे पुसून घरच्यांना परत द्या, नाहीतर वाचनालयात अख्खे मांडा. जुने लाकूड पुन्हा वापरायच्या उत्साहात जुने काम मारले जाते, आणि ते करणारे हात आता फार उरलेले नाहीत. जुन्या दारा-खिडक्यांचे काय काय होऊ शकते ते बघायचे असेल तर मंडळींना घेऊन बाणावलीला ‘गोवा चित्र’मध्ये जाऊन या, 2009 साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयाची इमारतच पाडलेल्या घरांच्या सामानातून उभी राहिली आहे.

किडीची परीक्षा घाईने होत नाही. वाळवी ओळखणे सोपे: मातीच्या नळ्या दिसतात, ठोकले की पोकळ आवाज येतो. भुंगेऱ्याची कीड मात्र लबाड. टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतात, पण ती जुनी की चालू हे नुसते बघून समजत नाही. फळी ब्रशने स्वच्छ झाडा, खाली काळा कागद अंथरा, कोरड्या पडवीत दोन-तीन आठवडे राहू द्या. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली तर आत खाणारे जिवंत आहे. पुडीच्या छोट्या ढिगाऱ्याच्या बरोबर वर नेमके कुठले भोक आहे त्यावर खडूने खूण करा. बहुतेक वेळा खुणा फळीच्या कडेच्या पांढुरक्या भागावरच जमतात, कारण सागाचा गाभा किडीला रुचत नाही, बाहेरचा पांढरा भाग मात्र आवडतो. तेवढी पट्टी कापून जाळली की अर्धे काम झाले. उरलेल्या लाकडाचा रंग काढून, एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून ते पाणी ब्रशने दोन-तीनदा पाजा. हातमोजे घाला, डबा मुलांपासून लांब ठेवा. हा उपाय छपराखालच्या वस्तूलाच. उघड्यावरच्या बाकातून तो पावसाबरोबर धुऊन जातो. वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. किडीला ते खरेच भारी पडते, पण त्याने कातडी भाजते. लोक जिथे उघड्या दंडाने टेकणार तिथे ते नको. पलंगाच्या सांध्यांत ढेकूण नाहीत ना, हेही उन्हात ठेवून बघा. वाचनालयात ढेकूण सोडल्याचा मान कोणाला हवा?

जुना तैलरंग कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगात शिसे असेल असेच धरून चाला. पाणी मारून घासा, तोंडावर चांगला मास्क लावा, खालचा चिखल कागदावर गोळा करून बांधून टाका. हे काम शाळेच्या श्रमदानात मुलांना कधीही देऊ नये. मुलांना खिळे वेचायला द्या, लोहचुंबक हातात देऊन. आवडीने करतात, आणि फळीत राहिलेला एक खिळा मेस्ताच्या, म्हणजे सुताराच्या, रंध्याचे पाते खातो.

चित्र काढायचे ते यानंतर. आधी कागदावर सुंदर बाक काढून मग त्याच्या मापाच्या फळ्या शोधत फिरणे म्हणजे शेवटी नवे प्लायवूड विकत आणणे. खोलीच्या जमिनीवर खडूने बाकाची जागा आखा आणि साफ केलेले तुकडे त्यावर मांडून बघा. पलंगाची पाठ तशीच बाकाची पाठ होऊ शकते. कपाटाची दारे बैठकीला जातात. पलंगाचे गज खणांच्या मधल्या उभ्या पट्ट्या होतात. पुस्तकांचे वजन सगळे कमी धरतात: भरलेल्या खणाला मीटरमागे सुमारे 30 किलो. म्हणून पाऊण इंची फळीला 75 सेंमीपेक्षा लांब आधाराविना सोडू नका, मध्ये उभी पट्टी द्या. जाड पुस्तके खालच्या खणात ठेवली की पोरे पाठीवर चढली तरी बाक उलटत नाही. उंची 90 सेंमीच्या आत ठेवली तर भिंतीत काही ठोकावे लागत नाही आणि हे फार मोठे सुख आहे, कारण जुन्या चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या भिंतीत रावळप्लग (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती गुल्ली) नुसता गरगर फिरतो.

जोडणीत माझा हट्ट आहे: सांधे उघडता आले पाहिजेत. जुन्या पलंगांत कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, भोकात बसवून वर लाकडी खुंटी मारलेली असते. ती जपून काढली तर तोच सांधा पुन्हा कामाला येतो. नवीन जोड स्क्रूने, फेव्हिकॉल जिथे अगदी गरज असेल तिथेच. चिकटवून ठोकून टाकलेल्या बाकाची एक फळी कुजली की अख्खे बाक पुन्हा उकिरड्यावर, मग एवढा खटाटोप कशाला? लोखंडी स्क्रू सागात काळे डाग सोडतो आणि गंजतो, म्हणून स्टेनलेस वापरा. समुद्राकाठच्या गावात 316 नंबरचे मागा, आतल्या गावांत 304 पुरे. पितळी हवेच असतील तर आधी भोक पाडून घ्या आणि स्क्रूला साबण लावा. नाहीतर माटाच्या लाकडात डोके तुटून हातात येते. सगळे स्क्रू एकाच मापाचे घ्या. पायांखाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेवा, म्हणजे जमीन पुसताना पाणी लाकडात चढत नाही.

पॉलिश पाऊस गेल्यावर, कोरड्या दिवशी, डिसेंबर-जानेवारीत. दमट हवेत स्पिरिट पॉलिश पांढरे पडते. अळशीचे तेल चांगले, पुन्हा हात मारायला कोणालाही जमते. पण तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

मेस्ताची मजुरी सुरुवातीलाच ठरवा, आणि रोजावर ठरवा, उक्ती, म्हणजे सगळ्या कामाची एकरकमी, नाही. जुन्या लाकडात किती वेळ जाईल ते त्यालाही आधी सांगता येत नाही, आणि उक्त्या कामात तो साहजिकच जुनी फळी टाकून नवी घालायला बघतो. सामान फुकट आले म्हणून मजुरीत घासाघीस करू नये. पैसे जायचेच असतील तर ते त्याच्याकडे जाऊ द्यावेत. काम संपल्यावर खालच्या खणाच्या आत पेन्सिलने स्क्रूचे माप, तेलाचे नाव आणि महिना-साल लिहून ठेवायला त्यालाच सांगा, आणि उरलेले स्क्रू, दोन जादा पट्ट्या नि एक स्क्रूड्रायव्हर पत्र्याच्या डब्यात घालून ग्रंथपालाच्या टेबलाखाली ठेवा.