विंडोजवर इक्वलायझर बसवण्याआधी

आवाजातले खर्जापासून तीव्र सुरांपर्यंतचे पट्टे वेगवेगळे चढवणारं-उतरवणारं इक्वलायझर एपीओ हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकदा बसलं की ब्राउझर असो वा व्हीएलसी, बहुतेक सगळा आवाज त्यातूनच गाळून येतो. बसवायला फार वेळ लागत नाही. आधीची तयारी मात्र चहा घेऊन निवांत करावी.

पहिल्यांदा, खटकतंय काय ते ठरवा. डग्ग्याचा घुमारा पोकळ वाटतो, की बातम्यांतले ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात? तोंडपाठ असलेली दोन ध्वनिमुद्रणं हाताशी ठेवा, एक तबल्याचं, एक नुसत्या बोलण्याचं. टोचणारे ‘स-श’ साधारण 5 ते 8 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात सापडतात. लॅपटॉपच्या बोटभर स्पीकरकडे 60 हर्ट्‌झचा खर्ज मागू नका, तो त्यांच्यात नाहीच.

इन्स्टॉल करताना कोणत्या डिव्हाइसवर बसवायचं त्यावर टिक करावी लागते. म्हणून साउंड सेटिंग्जमधली नावं आधीच टिपून घ्या. ब्लूटूथ आणि जॅकचा हेडफोन वेगळे धरले जातात. लॅपटॉप कंपनीचं ‘साउंड सुधारणारं’ ॲप असेल तर त्यातले इफेक्ट्स त्याच ॲपमध्ये बंद करा. विंडोजमधून सरसकट एन्हान्समेंट्स (आवाजावरचे जादा इफेक्ट्स) बंद केलीत तर हा इक्वलायझरही गप्प बसतो!

खरी मेख प्रीॲम्पमध्ये, म्हणजे इक्वलायझरमधल्या एकूण आवाजाच्या पातळीत, आहे. डिजिटल आवाजाला 0 डेसिबलचं छत असतं आणि आजची बरीच गाणी त्याला डोकं टेकूनच उभी असतात. तुम्ही खर्ज 6 डेसिबलने चढवलात की त्या पट्ट्यातल्या लाटेची उंची जवळपास दुप्पट होते, आणि आवाज फाटतो. म्हणून सर्वांत मोठी वाढ जेवढी, तेवढा प्रीॲम्प उणे करायचा: वाढ 6 तर प्रीॲम्प उणे 6. सगळं हळू वाजेल, मग व्हॉल्यूम वाढवा. मी तर चढवायच्या भानगडीत पडतच नाही. जे टोचतं ते दोन-तीन डेसिबलने उतरवतो.

बसवल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होणार, तेव्हा उघडी कामं सेव्ह करा. मुख्य सेटिंग्ज config.txt या साध्या फाइलीत असतात. हात लावण्याआधी तिची प्रत दुसरीकडे ठेवा. गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी फार आशा ठेवू नये, आसिओमधून (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला थेट साउंड कार्डशी जोडणाऱ्या ड्रायव्हरमधून) जाणारा आवाज याला वळसा घालतो. आणि साउंड ड्रायव्हर अपडेट झाल्यावर इक्वलायझर अचानक गायब झाला, तर डिव्हाइस निवडायची तीच खिडकी पुन्हा उघडून टिक करा.