आकड्याआधी सेन्सरची जागा : कंपन मोजायला शिकणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची डिप्लोमा किंवा बीई झालेली मुलं यंत्रांची कंपनं मोजून बिघाड ओळखण्याच्या या कामात यायचं म्हटलं की बहुधा एकच विचारतात : सॉफ्टवेअर कोणतं शिकू? माझं उत्तर ठरलेलं आहे. सॉफ्टवेअर नंतर. आधी कंपन जिथे जन्मतं तिथून सेन्सरपर्यंत ते कोणत्या वाटेने येतं, ते ओळखायला शिका. ती वाट ठाऊक नसेल तर महागड्या अ‍ॅनालायझरवरचा सुबक आलेखही चुकीचं सांगतो.

आपला नेहमीचा सेन्सर म्हणजे पायझोइलेक्ट्रिक अ‍ॅक्सेलरोमीटर. आतल्या स्फटिकावर ताण आला की विद्युतभार तयार होतो, त्याचा आपण सिग्नल करतो. तो स्टडने (आट्यांच्या खिळ्याने) आवळून बसवला तर साधारण १० किलोहर्ट्झपर्यंत भरवशाचं मोजमाप मिळतं. चुंबकाने चिकटवला तर सुमारे २ किलोहर्ट्झपर्यंत. हाताने टोचून धरला तर १ किलोहर्ट्झच्या पुढचं काही खरं मानू नका. बेअरिंगचा अगदी सुरुवातीचा दोष वरच्या फ्रिक्वेन्सीतच दिसतो. म्हणजे घाईत हाताने धरून रीडिंग घेणारा नेमकं तेच हरवून बसतो जे शोधायला तो आला होता.

जागा बेअरिंग हाउसिंगवरचीच, म्हणजे बेअरिंग ज्या घरात बसतं त्यावरचीच घ्या. मोटरच्या मागच्या पंख्यावर पत्र्याचं कव्हर असतं, तिथे सेन्सर कधीच ठेवू नये. तो पत्रा स्वतःच्याच लयीत थरथरतो आणि आकडा उगाच फुगतो. रंगाचे थर साचले असतील तर तेवढी जागा खरवडून घ्या, गोल खूण करा, आणि दर वेळी त्याच खुणेवर या. आडवी, उभी आणि शाफ्टच्या दिशेची अशी तीन रीडिंग घ्यायची. शाफ्टच्या दिशेचं कंपन वाढलेलं दिसलं तर कपलिंगच्या अलाइनमेंटकडे, म्हणजे जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत आहेत का याकडे, आधी बघावं.

शिकायला डाळ मिलसारखी जागा नाही, असं माझं मत. जळगावात त्या भरपूर आहेत. तिथली चाळणी मुद्दामच थरथरणारी असते, आणि तिच्याच लोखंडी सांगाड्यावर शेजारी धान्य वर नेणाऱ्या एलेव्हेटरची मोटर बसवलेली असते. मोटर बंद ठेवा, चाळणी चालू ठेवा आणि मोटरच्या बेअरिंगवर रीडिंग घ्या. बंद मोटरवरही काही मिलिमीटर प्रति सेकंद दिसू शकतात. ते सगळं सांगाड्यातून आलेलं असतं. मग मोटर चालू करा आणि फरक बघा. यंत्राचं कंपन किती असावं हे सांगणाऱ्या आयएसओ १०८१६ किंवा तिच्या जागी आलेल्या २०८१६ या मानक-मालिकेतल्या मर्यादा लावायच्या त्या या फरकाची जाण ठेवूनच. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्येही हे करून बघा, मालकाची आणि फिटरची परवानगी घेऊन. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून ऐकणारा फिटर तिथे हमखास भेटतो. त्याला काय ऐकू येतं ते विचारा, मग तुमचा आलेख बघा.

थोडं गणित हाताने करा. मोटर १४८० आरपीएमची असेल तर ६० ने भागून २४.६७ हर्ट्झ. आलेखावर तिथे एकटंच उंच टोक असेल तर बहुधा असंतुलन. त्याच मोटरला ६२०५ क्रमांकाचं बेअरिंग असेल तर त्यात ९ गोळ्या असतात. बाहेरच्या रेसवरचा (कड्यावरचा) दोष दर फेऱ्याला ३.५८ ठोके देतो, म्हणजे ८८ हर्ट्झच्या आसपास. १०० हर्ट्झला टोक असेल तर वीज तोडून बघा. त्याच क्षणी ते गेलं तर कारण विजेच्या बाजूचं.

मोबाइलवर फायफॉक्ससारखं मोफत अ‍ॅप घेऊन सराव करता येतो, फक्त फोनचा सेन्सर सेकंदाला किती नमुने घेतो ते आधी बघा. १०० घेत असेल तर त्याच्या निम्म्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या वरचं खरं दिसणार नाही. वरचा तो ८८ हर्ट्झ १२ हर्ट्झ म्हणून डोकं वर काढू शकतो, आणि तुम्ही भलत्याच दोषामागे लागता.

हीच वाट शेतातही आहे, आणि मला तो भाग फार आवडतो. भरताच्या वांग्याचं फूल बघा. परागकण नळीसारख्या परागकोशात बंद असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र. भुंगा परागकोश धरतो आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग बाहेर उडतात. अशा मधमाश्यावर्गी कीटकांचं हे थरथरणं साधारण १०० ते ४०० हर्ट्झमध्ये येतं. मधाच्या पोळ्यातल्या माशीला ते जमत नाही. कपाशीवरच्या तुडतुड्यांच्या कुळात नर-मादी एकमेकांना पानादेठातून जाणाऱ्या कंपनांवरून शोधतात. इथे अ‍ॅक्सेलरोमीटर चालत नाही. त्याच्या वजनाने पानाचं हलणंच बदलतं, म्हणून न टेकवता लेझर व्हायब्रोमीटरने मोजतात. इटलीतल्या द्राक्षबागांत अशा एका तुडतुड्याचं मीलन रोखायला वेलींच्या तारांमध्ये त्यांच्या संदेशांत अडथळा आणणारी कंपनं सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांनी आणि आपल्या इंजिनिअरांनी एकत्र बसून कपाशीवर असं काही करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

घरी बसून सराव हवा तर केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने बेअरिंगच्या चाचण्यांचा डेटा मोफत ठेवला आहे. तिथे मोटरच्या ड्राइव्ह बाजूला (जिथून शाफ्ट काम देतो तिथे) ६२०५ च आहे, तेव्हा ३.५८ चं गणित स्वतः पडताळता येईल. नोकरीसाठी आयएसओ १८४३६-२ प्रमाणे विश्लेषकाच्या चार पातळ्या आहेत. पहिलीला ६ महिन्यांचा आणि दुसरीला १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव मागतात. फी भरण्याआधी भुसावळ, दीपनगरचं वीज केंद्र, एमआयडीसी, जिथे मिळेल तिथे मेंटेनन्सच्या माणसांबरोबर उमेदवारी सुरू करा. रोजच्या रीडिंगच्या वहीत आकड्याशेजारी सेन्सरची जागा, दिशा, तो कसा बसवला आणि त्या वेळी शेजारी कोणतं मशीन चालू होतं, हेही लिहा.