परीक्षेच्या दिवसांत चाल सुचली तर
पुस्तक मिटून कीबोर्डवर बसलात की दोन तास गेलेच म्हणून समजा. त्यापेक्षा फोनचा रेकॉर्डर लावा, बोटाने चार ठोके द्या, मग गुणगुणा. ठोके नसले तर आठवड्याने ऐकताना सम (पहिली मात्रा) कुठे होती तेच कळत नाही. रात्री अभ्यास आटोपला की हेडफोन लावून कीबोर्डवर 20 मिनिटं, फक्त 8 बार (आवर्तनं). चार मात्रांचे, मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत जेमतेम 24 सेकंद. पट्टी लिहिण्याआधी कीबोर्डचं ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारं सेटिंग) शून्यावर आहे ना, बघा. (हे हमखास राहतं!) डावा हात गढूळ वाजतोय? कीबोर्डच्या मधल्या सी (C) सुराच्या सप्तकभर खाली तीन सुरांची कॉर्ड (सा-ग-प एकत्र) दाटते, गंधार षड्जाला घासतो. तिथे नुसते सा-प धरा, गंधार उजव्या हाताला द्या.