परिक्रमेचा डबा

मी खानापूरची, बेळगावात शिवणकामाला जाते. जून 2023 मध्ये शक्ती योजना आली आणि कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट झाला. (कोल्हापूरला जाताना ही सवलत धरू नका, ती राज्याच्या हद्दीतच चालते.) मी मात्र जाण्यायेण्याचं भाडं नर्मदा परिक्रमेसाठी रोज डब्यात टाकतेच. तुम्हीही जो खर्च वाचला, तो त्याच दिवशी बाजूला काढा. महिनाअखेरीपर्यंत तो उरत नाही.

डब्यातले पैसे पोस्टाच्या आरडीत भरा. महिना 100 रुपयांपासून चालतं, मुदत 5 वर्षं. भिशीवर मोठ्या प्रवासाची भिस्त ठेवू नका. माझी एकदा बुडाली, तेव्हा मी रडले होते.

ही परिक्रमा मला चालत करायची आहे. वाटेत आश्रमांत सदावर्त मिळतं, म्हणून जेवणाचा खर्च थोडा. खरा खर्च घरी असतो: भाडं, लाईट बिल, सासूबाईंची औषधं. आपण नसताना लागणारे तितक्या महिन्यांचे पैसे आधी वेगळे ठेवा. मग चांगले बूट, औषधं, रेल्वे. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. चातुर्मास संपल्यावर निघायचं, तर भाद्रपदातच तारीख ठरवा.