कृषीचे एक प्रात्यक्षिक खुले करायचे तर

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तयार झालेले एम.एस्सी.चे प्रात्यक्षिक नैरोबीच्या शिक्षकाला त्याच्या पिकासाठी बदलून वापरता आले, तरच ते खुले शैक्षणिक साहित्य. नुसती पीडीएफ वाटून ते होत नाही. पूर्ण अभ्यासक्रम अंगावर घेऊ नका, एकच प्रात्यक्षिक निवडा. इथे ठिबकवरच्या उन्हाळी कांद्याची पाण्याची गरज घेऊ.

आधी परवाने. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (साहित्य पुढे वापरायची परवानगी देणारे तयार परवाने) परवान्यात ‘एनडी’ (बदल नको) असेल तर बदललेली किंवा भाषांतरित प्रत वाटता येत नाही. ‘बीवाय-एसए’ आणि ‘बीवाय-एनसी-एसए’ (बीवाय म्हणजे श्रेय द्या, एनसी म्हणजे व्यापारी वापर नको, एसए म्हणजे पुढेही हाच परवाना लावा) मजकूर मिसळून एक धडा करता येत नाही, कारण दोन्ही आपापलाच परवाना पुढे लावायला सांगतात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक चित्र-उताऱ्याचा लेखक, दुवा आणि परवाना तक्त्यात टिपा. शेवटी हे शोधणे फार जड जाते. स्वतःच्या मजकुराला ‘बीवाय ४.०’ लावणे उत्तम.

हवामानाच्या नोंदी पुढे वाटायची परवानगी आहे का, तेही अटींत पाहा. नसेल तर नासाच्या ‘पॉवर’ या मोफत हवामान-माहितीच्या संकेतस्थळावरून पुण्याच्या (१८.५३ उत्तर, ७३.८५ पूर्व) दैनिक नोंदी घ्या. वारा १० मीटर उंचीवरचा असेल तर ०.७४८ ने गुणून २ मीटरवर आणा. हे राहिले की ईटी (जमीन आणि पिकातून बाष्प होऊन जाणारे पाणी) वाढीव येते.

आता गणित. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत कांद्याचा मध्य अवस्थेतला पीक गुणांक (पिकाची ईटी संदर्भ गवताच्या किती पट, तो आकडा) १.०५ आहे. संदर्भ ईटी, म्हणजे त्या गवताची ईटी, दिवसाला ६ मिमी धरली तर गरज ६.३ मिमी, म्हणजे हेक्टरी ६३,००० लिटर. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि ते चूक आहे. तो गुणांक किमान आर्द्रता ४५ टक्के आणि वारा सेकंदाला २ मीटर असतानाचा. आर्द्रता २५ टक्के, वारा ३ मीटर आणि पिकाची उंची ०.४ मीटर घेतली, तर त्याच पुस्तिकेतल्या दुरुस्तीच्या सूत्राने गुणांक १.१२ येतो आणि गरज ६७,२०० लिटर होते. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर सुमारे ७४,७०० लिटर सोडावे लागतील.

आर्द्रता, वारा, उंची आणि गुणांक यांना एक्सेलमध्ये वेगवेगळे रकाने द्या. सूत्रे दिसू द्या, पासवर्ड लावू नका. दुसऱ्या गावचा आकडा टाकताच उत्तर बदलले पाहिजे. पुस्तिकेतल्या आकृत्या मात्र उचलू नका, स्वतः काढा.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निव्वळ खुणा होऊन उघडतो. पीडीएफसोबत मूळ वर्ड आणि एक्सेल फाइलही ठेवा, छायाचित्रे लहान करा, कारण बरेच विद्यार्थी मोबाइलवरच उघडतात. शेवटी सगळे झेनोडो या मोफत संशोधन-साठ्याच्या संकेतस्थळावर चढवा. तिथे डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, आणि दुरुस्ती केली की जुनी आवृत्ती न पुसता नवी जोडता येते. चढवण्यापूर्वी शेजारच्या विभागातल्या एखाद्याला फाइल द्या आणि तुम्हाला काहीही न विचारता ज्वारीसाठी गणित करायला सांगा. तो जिथे अडेल, तिथे सूचना वाढवा.