ड्राईव्ह लोडवर अंडरव्होल्टेज ट्रिप होतोय? चार्जिंग रिले बघा

इचलकरंजीतल्या एका सायझिंगचा (सुताला खळ लावायचा कारखाना) 15 एचपीचा ड्राईव्ह (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा व्हीएफडी) दुरुस्तीला आला होता, मोकळा मस्त फिरायचा पण लोड आला की अंडरव्होल्टेज, म्हणजे आतला व्होल्टेज कमी पडला म्हणून ड्राईव्ह बंद. सप्लाय 415 व्होल्ट, डीसी बस (सप्लायचं डीसी करून आत कपॅसिटरवर साठतं ते) 585 च्या आसपास, सगळं बरोबर, मग लोड देऊन मीटर बघितला तर बस धाडकन खाली. आधी कुणीतरी कपॅसिटर बदललेले, उगाच खर्च झाला बिचाऱ्यांचा. पॉवर काढून बस पूर्ण उतरेपर्यंत थांबलो (हे मीटरने मोजूनच ठरवा, अंदाजाने हात घालू नका रे) आणि चार्जिंग रेझिस्टरला (चालू करताना कपॅसिटर हळू भरायला असतो तो) कपॅसिटर भरल्यावर बायपास करणारा रिले काढला, कॉइल टक् वाजते पण काँटॅक्ट काळेकुट्ट, म्हणजे सगळा करंट त्या रेझिस्टरमधूनच, म्हणून लोडवर बस खाली, खालचा पीसीबीपण तपकिरी झालेला. रिले, रेझिस्टर दोन्ही नवीन टाकले, आता फुल लोडवर पण ट्रिप नाही.