गॅसवर चालणारा फ्रिज कसा बसवावा आणि चालवावा

विजेचा भरवसा नसेल तिथे गॅसच्या ज्योतीवर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रिज उपयोगी पडतो. यात कॉम्प्रेसर नसतो. ज्योतीने बॉयलरमधलं अमोनियाचं पाणी तापतं, त्यातला अमोनिया वाफ होऊन वर चढतो, मागच्या जाळीत गार होऊन द्रव होतो आणि आतल्या नळ्यांत हायड्रोजनमध्ये मिसळून पुन्हा वाफ होताना कप्प्यातली उष्णता ओढून घेतो. शेवटी तो पाण्यात विरघळून बॉयलरकडे परततो. परतीची ही वाट नुसत्या उतारावर चालते, त्यामुळे फ्रिज समतल बसवण्यात कसूर करू नये.

१. पाणसळ फ्रिजच्या डोक्यावर न ठेवता बर्फाच्या कप्प्याच्या तळावर ठेवा. आधी डावीकडून उजवीकडे, मग पुढून मागे. बुडबुडा मध्ये येईपर्यंत पायांखाली पाचर द्या. कललेल्या फ्रिजमध्ये द्रव नळीत अडून राहतो, बॉयलर कोरडा तापतो आणि गंज रोखणारं क्रोमेट घट्ट होऊन नळी तुंबते. असा फ्रिज सहसा दुरुस्त होत नाही. उलटा करून ठेवण्याचा उपाय सांगणारे भेटतील, पण तो लागू पडेलच असं नाही.

२. मागची हवा मोकळी ठेवा. खालून गार हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर जायला हवी. अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे सोडा. भिंतीला चिकटवलेला फ्रिज दुपारच्या उकाड्यात हमखास ढेपाळतो.

३. रेग्युलेटर फ्रिजच्या पाटीवर लिहिलेल्या दाबाचाच घ्या. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, काडी पेटवून कधीच नाही.

४. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी दिसली तर बर्नरचं छिद्र किंवा धुराडं काजळीने भरलंय. गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर धुराड्यातली पिळाची पट्टी काढून ब्रशने झाडा. छिद्रात सुई मात्र घालू नका, ते मोठं होतं आणि ज्योत बिघडते. पिवळ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइडही निघतो, म्हणून बंद खोलीत हा फ्रिज नकोच.

५. पेटवल्यावर गारवा यायला कित्येक तास लागतात. आदल्या रात्रीच रिकामा चालू करा. आत थर्मामीटर ठेवा आणि पारा ५ अंशांखाली आला की सामान भरा. गरम पातेलं आत ढकलू नका. या यंत्राची ताकद बेताची असते आणि एका पातेल्याने ते तासन्‌तास मागे पडतं. डब्यांमध्ये बोटभर फट सोडा.

आतल्या पत्र्यांवर बर्फाचा जाड थर साचला की फ्रिज बंद करून तो वितळू द्या, सुरीने खरवडू नका. मागे पिवळसर भुकटीचा डाग किंवा अमोनियाचा झणझणीत वास आला, तर गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. भुकटी विषारी असते, तिला उघडा हात लावू नका. नळीला सोल्डरचा डाग देऊन गळती बुजवायचा विचारही नको: आत मोठ्या दाबाखाली हायड्रोजन असतो.